साखरेच्या डब्याचं गाऱ्हाणं

मी एक जुना साखरेचा डबा आहे, मित्रांनो. पितळेचा, बसक्या अंगाचा. सत्यशीलाबाईंच्या आईनं मला लेकीच्या संसारात दिलं, तेव्हापासून तीस वर्षं मी राहाता गावातल्या या घरात फळीवर बसून आहे. पाहुणा आला की पहिला हात माझ्याकडं यायचा. "चहा प्यावा तर यांच्याकडं," लोक म्हणायचे, आणि मला फार बरं वाटायचं.

घरचे मालक कारभारी, सत्यशीलाबाईंचे नवरे. त्यांची पेरूची बाग आहे. दिवसाला सहा कप चहा, प्रत्येकात तीन चमचे साखर. दोन वर्षांपूर्वी त्यांना सारखी तहान लागू लागली. तपासलं, तर मधुमेह; रक्तात साखर तीनशेच्या वर. डॉक्टर म्हणाले, "गोळ्या चुकवू नका. गोड बंद, भात कमी. रोज चाला आणि पायांना जपा."

त्या दिवसापासून ओट्यावर दोन पातेली चढू लागली. घरच्यांचा चहा गोड, कारभारींचा बिनसाखरेचा.

"मी काय परका हाय व्हय?" ते एकदा म्हणाले.

"तुमच्याच भल्यासाठी हाय," सत्यशीलाबाई म्हणाल्या आणि आपल्या बशीतल्या गोड चहावर फुंकर घालू लागल्या.

दुपारी सगळे बागेत गेले की कारभारी माझ्याकडं यायचे. स्वतःच्याच घरात चोरासारखे. झाकण काढून मूठभर साखर तोंडात टाकायचे. मला दिसत होतं, पण कुणाला हाक मारू? चालायला जाणंही हळूहळू सुटलं.

मग एकदा चप्पल चावली. मधुमेहानं पायाचं बोट बधिर झालेलं, दुखलंच नाही. जखम काळी पडली तेव्हा कुठं कळलं. पायाची करंगळी काढावी लागली.

कारभारी दवाखान्यातून आल्यावर सून सवितानं एकच पातेलं ठेवलं.

"मामा, आता आमी बी बिनसाखरेचाच पिनार."

कारभारी कपाकडं बघत राहिले. "लई उशीर केलात गं," एवढंच बोलले. सत्यशीलाबाई पदरानं डोळे पुसत राहिल्या.

आता जखम भरली आहे. सकाळी नवरा-बायको दोघं कालव्यापर्यंत हळूहळू चालत जातात. मी रिकामा आहे, आणि त्याचं मला दुःख नाही. पण मित्रांनो, तुमच्या घरी कुणाला हा आजार असेल, तर त्याचं ताट वेगळं करू नका. त्याच्या ताटात जे असेल तेच तुम्हीही खा, त्याच्याबरोबर चाला, आणि रोज त्याचे पाय बघा. मला ते या घरात वेळेवर सांगता आलं नाही.