सतरावा जोड

कॅन्टीनमधल्या टीव्हीवर सकाळपासून संसदेतलं एकच भांडण चाललं होतं. अणुवीज केंद्रात अपघात झाला, तर भरपाई फक्त केंद्र चालवणाऱ्याने द्यायची, की त्याला सुटे भाग पुरवणाऱ्या कारखान्यांनीही? एक पुढारी बाक बडवत होता, दुसरा कागद फाडत होता. आम्ही भाग पुरवणारे. कुणाच्या घशाखाली चहा उतरत नव्हता.

इतरांना कारखान्याचा घोर. मला ट्रकवर चढवलेल्या पाइपातल्या सतराव्या जोडाचा.

आमच्यात प्रत्येक वेल्डर आपल्या जोडाशेजारी आपल्या नंबराचा पंच ठोकतो. तो पंच सख्ख्या भावालाही द्यायचा नसतो. सतराव्यावर नंबर माझा आहे आणि काम धाकट्या बहिणीच्या नवऱ्याचं. त्याच्या परवान्याची मुदत संपली होती, फेरपरीक्षेपर्यंत घरी बसावं लागलं असतं. कामावर मी त्याचा उस्ताद, पण नात्यात तो आमचा जावई. त्याला झापायचं तेही अहो-जाहो करून. त्याने पंच मागितला, तेव्हा नको म्हणायला जीभ रेटली नाही.

जोड झाल्यावर बघतो तर वेल्डिंगच्या रॉडचा डबा, रॉड कोरडे ठेवायच्या भट्टीबाहेर उघडा पडलेला. दमट रॉडने मारलेला जोड त्या दिवशी एक्स-रेत स्वच्छ दिसतो, तडा मागाहून जातो. एक्स-रे पास झाला आणि मी मूग गिळून बसलो. अकरा दिवस झाले, धड झोप नाही.

दुपारी मतदान झालं. पुरवठादारांवर भरपाई टाकणारं कलम गळालं. मालकांनी स्वतः टाळ्या वाजवल्या. जावई माझ्या कानाशी लागला, "दादा, सुटलो! आता कुणाचा बापही विचारायला येत नाही."

खरं तर हायसं वाटायला हवं होतं. उलट माझी नजर घड्याळावर गेली. कायदा होईल, कुणीतरी येईल, फायली उघडेल आणि माझ्याऐवजी तोच बोलेल, अशी मी भाबडी आशा धरून होतो. आता कुणीच येणार नव्हतं, आणि ट्रक चारला सुटणार होता.

"अहो, त्या रॉडचं सांगून टाकू या," मी म्हणालो.

"डोकं फिरलंय का, दादा? माझी नोकरी जाईल."

"माझीही जाईल."

"मग कशाला?"

मी चिडून उठलो आणि तडक तपासनिसाच्या खोलीत शिरलो.

"सतरावा जोड कापायला लावा, साहेब. पंच माझा आहे, काम माझं नाही. रॉडही दमट होते."

त्याने चष्मा काढला. "तुला कुणी विचारलंय का?"

"कुणीच नाही. म्हणून तर सांगतोय."

जोड कापला. आत तडा निघाला की नाही, ते कळलं नाही; तोवर आम्हा दोघांना फाटकाबाहेर काढलं होतं. त्यांच्या घरापर्यंत जावई माझ्यापुढे चार पावलं चालत राहिला. बहिणीला त्याने फोनवर सांगितलंच होतं. तिने दार उघडलं, नवऱ्याला आत घेतलं.

"तुझंच बरोबर असेल, दादा," ती म्हणाली. "पण आता या घरात येऊ नकोस."