शिवकन्येचा दुसरा नकाशा

मी एक जुना ड्राफ्टर आहे. दोन लांब दांड्या आणि टोकाला काटकोनात दोन पट्ट्या, एवढाच माझा देह. अभियांत्रिकीची मुले माझ्या पट्ट्यांनी नकाशे आखतात. मित्रांनो, एके काळी मी लखलखीत होतो. आता बघाल तर नाक मुरडाल.

मला शिवकन्येने विकत घेतले. ती दिंद्रुडजवळच्या खेड्यातली. अभियांत्रिकी आणि अर्थशास्त्र अशा दोन पदव्या ती एकदमच शिकत होती. मैत्रिणी चिडवत, "एक तर धड कर!" ती म्हणायची, "पाणी कसं न्यायचं ते एक शास्त्र सांगतं, कुणाला द्यायचं ते दुसरं." मला तिचा फार अभिमान वाटे.

मग दुष्काळ पडला. गावच्या सहकारी पाणीपुरवठा संस्थेने तिला योजना आखायला सांगितली. धरणातले पाणी सगळ्यांना पुरणार नव्हते. शिवकन्येने माझ्याकडून दोन नकाशे आखून घेतले. पहिल्यात ऊस बंद आणि थोडे थोडे पाणी सगळ्यांना. दुसऱ्यात ऊस चालू आणि पाइपलाइनचे शेवटचे टोक बंद. अर्थशास्त्रात दोन्ही पर्याय शेजारी मांडायला शिकवतात, म्हणून तिने दुसराही काढला. काय करू नये, हे लोकांना दिसावे एवढाच तिचा हेतू. त्या टोकाला तिच्याच वडिलांची, राधाकिशनची, मोसंबीची बाग होती.

आमच्या सभांची रीत तुम्हाला ठाऊक असेलच. ठराव वाचून व्हायच्या आतच सगळे "मंजूर, मंजूर!" ओरडतात. अध्यक्ष सुंदररावांचा स्वतःचा ऊस उभा होता. ते उठले आणि म्हणाले, "आपल्या शिवकन्येनं आखलेला हा दुसरा नकाशा..."

"मंजूर!" मागून राधाकिशन सगळ्यांच्या आधी ओरडला. लेकीचे नाव ऐकून त्याची छाती फुगली होती. पुढचे त्याने ऐकलेच नाही. सभा त्याच्यामागून ओरडली.

शिवकन्या उभी राहिली. "आवो, त्यो करायचा न्हाई म्हणून काढलाय!"

"तुज्या बापानंच मंजूर केलं की. बस खाली," सुंदरराव हसत म्हणाले. लोकही हसले. त्या हसण्याचा मला अजून संताप येतो.

उन्हाळ्यात बाग वाळली. राधाकिशन झाडे तोडत होता आणि शिवकन्या फांद्या ओढत होती. वाटेवरच्या कुणीतरी विचारले, "कावून तोडता, राधाकिशन?"

"पोरीचा नकाशा मंजूर झाला," तो म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता. शिवकन्या हातातली फांदी टाकून घराकडे चालू लागली.

त्या दिवशी तिने मला माळ्यावर टाकले. दुसरी, अर्थशास्त्राची पदवी तिने अर्धवट सोडली. मला गंज चढला आहे, पट्टी वाकली आहे. मित्रांनो, आपल्या वस्तू पुसा, त्यांना तेल द्या, मला कुणी दिले नाही. पण त्याहून कळकळीने एक सांगतो. जे घडू नये असे तुम्हाला वाटते, ते कधी इतके सुबक आखून कुणाच्या हाती देऊ नका.