कानसेनांचा शेरा

लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या त्या कंपनीत थोरल्या मेकॅनिकला सगळे कानसेन म्हणत. त्यांनाही ते आवडे. मोटरीवर स्क्रू ड्रायव्हरचं टोक टेकवायचं, त्याची मूठ कानाला लावायची, डोळे मिटायचे आणि कुठलं बेअरिंग कधी जाणार ते सांगून मोकळं व्हायचं, अशी तीस वर्षं गेली होती. यंत्रांच्या आवाजाने कान जाऊ नयेत म्हणून कंपनी जाड कानटोप्या द्यायची, पण त्या त्यांनी कधी डोक्याला लावल्या नाहीत. कान झाकून कोणी ऐकतं का, म्हणायचे. जे स्वतःच्या कानांनी ऐकलं नाही ते त्यांच्या लेखी नव्हतंच.

हाताखाली सध्या त्यांची पुतणी शिकत होती. घरात ती बारकी, म्हणून कामावरही बारकीच. तिचे सहा महिने आज संपत होते. काका कागदावर जो शेरा लिहितील त्यावर तिची नोकरी पक्की व्हायची, नाहीतर सुटायची. आणि एका इमारतीच्या गच्चीवर, लिफ्टच्या मोटरीच्या खोलीत, बारकीने नेमकं आजच पुन्हा तोंड उघडलं.

"काका, बेअरिंग गेलंय. केवढं किंचाळतंय!"

कानसेनांनी मूठ कानाला लावली. मोटर छान घुमत होती, बाकी काही नाही.

"कुठे किंचाळतंय? महिन्याभरात ही तिसरी मोटर तू आजारी पाडलीस."

"मी खरंच ऐकतेय."

"तीस वर्षं कान मी झिजवलेत की तू?"

खरं तर उत्तर त्या प्रश्नातच होतं, पण ते दोघांच्याही ध्यानात आलं नाही. कानसेनांनी कागद काढला, 'अजून कच्ची. नसलेलं ऐकते' असं लिहिलं आणि आजच्या कामाच्या कागदावर इमारतीच्या मॅनेजरची सही आणायला लिफ्टने खाली निघाले. बारकी पाठ फिरवून हत्यारं पुसत बसली. तिला रडू येत होतं.

सहाव्या मजल्यावर डोळ्यांच्या दवाखान्यातले पेशंट आत शिरले. लिफ्ट हलली तशी एका आजींनी कानांत बोटं घातली. शेजारच्या माणसाने दात आवळले. कडेवरचं तान्हं भोकाड पसरून रडायला लागलं. बारकीने हे लोक आधीच फितवलेत की काय, अशीही शंका कानसेनांना चाटून गेली. पण तान्ह्याला कोण फितवणार?

त्यांनी लिफ्टमनकडे पाहिलं. त्याच्या दोन्ही कानांत कापूस होता.

"हे काय?" त्यांनी खूण करून विचारलं.

लिफ्टमनने एक बोळा काढला. "आवाज सुरू होऊन दोन महिने झाले, साहेब. मागच्या खेपेला तुम्ही एकटेच येऊन 'ठणठणीत' लिहून गेलात. म्हटलं, तुमच्यासारख्या जाणकाराने लिहिलंय म्हणजे मोटरीत खोट नाही, माझ्याच कानांत असणार. मग कापूस आणला."

कानसेनांनी कान टवकारले, तरी त्यांना नुसती घुमणारी मोटरच ऐकू आली. तळमजला आला, सगळे सुटल्यासारखे बाहेर पडले. कानसेन मात्र सही न घेताच परत वर गेले.

"खोल," ते बारकीला म्हणाले.

तिने लिफ्ट बंद ठेवून मोटर खोलली. बेअरिंगचे छर्रे कुरतडल्यासारखे झाले होते आणि ग्रीसमध्ये लोखंडाचा चुरा चमकत होता. कानसेनांनी तो चुरा बोटावर घेतला. त्यांना लाज वाटली, आणि भीतीही. बारकीने सांगितलेल्या आधीच्या दोन मोटरी अजून तशाच चालू होत्या.

"त्या दोन्ही आजच बंद करायला सांग. माझं नाव घेऊन सांग." मग त्यांनी विचारलं, "कसा येतो गं तो आवाज?"

"बारीक. पाटीवर नख ओढल्यासारखा."

त्यांनी जुना शेरा खोडला आणि खाली लिहिलं, 'पक्की करावी. आवाजाचं हिला विचारावं.'

बारकीने वाचलं. "कोणी विचारावं, काका?"

त्यांनी कागद परत ओढून घेतला आणि शेवटच्या वाक्याच्या सुरुवातीला एक शब्द घातला, 'मी'.