नितळ पाणी

बाटलीच्या तळाशी काहीच नव्हतं – सत्यवानानं ती पुन्हा हलवली, उन्हासमोर धरली, आणि पाण्यातून पलीकडचा माड, माडावरचा कावळा, कावळ्याची चोचसुद्धा त्याला स्वच्छ दिसली. मिठबावच्या समुद्राचं पाणी एवढं नितळ कधी असतं का?

तीस वर्षं तो या खडपावर, समुद्रात घुसलेल्या उंच खडकावर, उभा राहत आला होता. खाली वाळूत चाळीस माणसं किनाऱ्यावरून ओढायची रापण घेऊन त्याच्याकडे बघत बसायची. हिरव्या गढूळ पाण्यात बांगड्यांच्या थव्याचा काळसर डाग सरकला की तो पंचा फडकवायचा, आणि मग होडी, जाळं, आरडाओरडा... यंदा नारळी पौर्णिमेपासून पंचा खांद्यावरून हलला नव्हता. डोळे गेले, दुसरं काय – असं त्यानंच ठरवून टाकलं, आणि त्याला फार वाईट वाटलं. पण त्या वाईट वाटण्यात एक सोय होती. मासा आहे, मला दिसत नाही. उद्या दुसरा कुणी इथं उभा राहील, वाळूतल्या माणसांच्या चुली पेटतील.

आज सकाळी जामसंड्याच्या डॉक्टरनं ती सोयही काढून घेतली. “डोळे ठणठणीत आहेत हो तुमचे. माझ्यापेक्षा चांगले!” इतकं वाईट त्याला आजवर कुणी बोललं नव्हतं.

आणि येताना भेटला तो समुद्राचं पाणी तपासणारा साहेब. त्यानं दोन बाटल्या पुढे केल्या. पंच्याऐंशी सालच्या बाटलीत पेजेसारखा दाट, हिरवट साका, यंदाच्या, सत्त्याऐंशीच्या बाटलीत... हे.

“वरचं पाणी तापलंय. पावसाळ्यात तळाचं गार, कसदार पाणी वर यायला हवं, ते यंदा आलंच नाही. मग हा हिरवा साका, म्हणजे पाण्यातले हे बारीक जीव, वाढणार कशावर? आणि हेच नाहीत तर मासा इकडे कशाला फिरकेल?”

“पुढच्या वर्षी?”

“येईलही. पण हे तापणं पुन्हा पुन्हा येतं... ठेवा ती बाटली, तिच्यात जपण्यासारखं काही नाही.”

नाचता येईना अंगण वाकडं म्हणतात. इथं अंगणच वाकडं निघालं होतं, आणि तो आपल्या पायांना दोष देत बसला होता. उद्या रापणकरांना काय सांगायचं? माझे डोळे चांगले आहेत, म्हणून तुम्ही घरी जा?

त्याची बायको यशोदा खालूनच ओरडली, “डाक्तर काय म्हणालो?”

त्यानं बाटली पंच्याखाली सरकवली. “मोतीबिंदू आसा म्हणालो.”

तिचा चेहरा असा उजळला, असा... “देवा रे! म्हणजे मासो आसा. तुमकाच दिसणा नाय!”

“होय गो,” तो म्हणाला.

ती हसत, जवळजवळ पळतच, रापणकरांकडे निघाली. ती पार वाळूपाशी पोचली, तरी तिच्या पदराचा उसवलेला टाका त्याला दिसत होता.