टोलेफसनांचं घर

नोरीन आपल्या नऊ वर्षांच्या टिलीला घेऊन शिकागोहून हॅस्केटला राहायला आली, तेव्हा मक्याची शेतं वाळून खडखडीत झाली होती आणि कापणीच्या धुळीनं संध्याकाळचं ऊन तांबूस दिसत होतं. घटस्फोटानंतर तिच्या पदरात उरली होती ती ही एवढी पोर, आणि तिला चार शांत माणसांत वाढवावं म्हणूनच हा सगळा खटाटोप होता. गाव मोठं अगत्याचं निघालं. सामान उतरतं न उतरतं तोच शेजारच्या डोर्थीबाई खिमा-बटाट्याचं वाफाळतं भांडं घेऊन दारात हजर झाल्या.

"टोलेफसनांच्या घरात आलीस होय! बरं झालं बाई, फार दिवस बंद होतं ते."

या गावात घर विकत घेतलं तरी ते आपलं होतं ते फक्त सरकारदरबारी. लोकांच्या तोंडी ते जुन्या मालकाचंच राहतं, निदान एक पिढी तरी. नोरीनला आधी याची गंमत वाटली. पुढे पुढे पत्ता सांगताना तीही 'टोलेफसनांचं घर' म्हणू लागली, कारण त्याशिवाय कुणाच्या डोक्यात प्रकाश पडत नसे.

चर्चच्या तळघरात रविवारचं जेवण होतं. आपापल्या घरून आणलेले पदार्थ लांब टेबलावर मांडले होते आणि डोर्थीबाई वाढता वाढता म्हणाल्या, "रॉजरचा गुडघा कसा आहे गं?"

"कोण रॉजर? मला एकच मुलगी आहे. ही काय, टिली."

"असेल, असेल," डोर्थीबाई हसून म्हणाल्या. इकडची माणसं कुणाचं बोलणं तोंडावर खोडून काढत नाहीत. शांतपणे ऐकून घेतात आणि आपलं तेच धरून बसतात. त्यांनी टिलीच्या ताटात मोठा चमचाभर मका वाढला. "आणि पाहुणी किती दिवस आहे?"

"मी पाहुणी नाहीये!" टिली ओरडली. टेबलाभोवतीचे सगळे कौतुकानं हसले.

मग जो तो रॉजरची चौकशी करू लागला. वाण्याकडे, पेट्रोलपंपावर, शाळेच्या फाटकाशी. टोलेफसनबाईंचा मुलगा होता म्हणे तो. नोरीन सगळ्यांना समजावून सांगायची, आणि दर वेळी समोरच्याचा चेहरा असा पडायचा, की आपणच काहीतरी उर्मटपणा केलाय असं वाटून तिचा दिवस नासायचा. एकदा पानं ओढायचं दाताळं घ्यायला ती लोहसामानाच्या दुकानात गेली होती. मागे रांग होती, अंग शिणलं होतं. दुकानदारानं विचारलं आणि ती बोलून गेली, "बरा आहे आता. चालतो."

दुकानदाराचा चेहरा उजळला. दाताळं त्यानं स्वतः गाडीपर्यंत आणून दिलं. त्या रात्री इथे आल्यापासून पहिल्यांदा नोरीनला गाढ झोप लागली.

"तू त्यांना हो का म्हणतेस?" टिलीनं विचारलं.

"सभ्यपणा म्हणून गं. आपलं काय जातं?"

"मग काल रॉजरचं ताट का वाढलंस?"

"मी? काहीतरीच!" नोरीन म्हणाली. पण मोरीत ताटं खरंच तीन होती. तिनं पोरीला घट्ट कवटाळलं आणि मनाशी ठरवून टाकलं, इथे राहायचं नाही, तडक शिकागो गाठायचं. हिच्याहून मोठं तिला जगात काहीच नव्हतं. फक्त जाण्याआधी अंगणातली मेपलची पानं उरकायला हवी होती, नाहीतर शेजारी काय म्हणतील? ती रोज पानं ओढायची आणि झाड रोज नवी टाकायचं. पानं ओढता ओढता जायची गोष्ट मागे पडली. टिली पायरीवर बसून बघत राहायची, आणि हल्ली फारशी बोलत नसे.

ऑक्टोबर सरता सरता मुलांनी सोंगं घेऊन दारोदार गोळ्या मागायची संध्याकाळ आली. इथली मुलं नुसती पिशवी पुढे करत नाहीत, आधी एक विनोद सांगतात. घरच्या बाईनंही मुखवट्यामागचं पोर कुणाचं ते ओळखायचं, अशी रीत. नोरीन भराभर ओळखत गेली. "तू हॉफमनांचा धाकटा. तू बेकिंगांची, आजोबांसारखीच चालतेस अगदी!" आजोबांना आपण कधी पाहिलं, हे काही तिच्या मनात आलं नाही.

शेवटी कोल्ह्याच्या मुखवट्यातली एक मुलगी एकटीच आली.

"विनोद सांग की!"

"एकानं म्हाताऱ्याला विचारलं, सगळा जन्म याच गावात काढलात का? म्हातारा म्हणाला, अजून नाही."

नोरीन खळखळून हसली. मुलगी हसली नाही. तिनं मुखवटा काढला. "आई, पुरे आता. मला आत घे ना."

चेहरा गोड होता. डोळे भरून आले होते. नोरीनला फार दया आली. तिनं मूठभर गोळ्या जास्तीच्या घातल्या आणि कुंपणापाशी उभ्या असलेल्या डोर्थीबाईंना विचारलं, "ही कुणाची हो?"

"आपल्यातली दिसत नाही बाई."

गार वारा सुटला होता. नोरीन खाली वाकली आणि तिनं मुलीच्या कोटाचं गळ्याशी उघडं राहिलेलं बटण लावलं. त्याचं काज सैल होतं, म्हणून हातांनी सवयीनं, न बघताच ते जरा पिळून लावलं.

"घरी जा बाळा," ती मायेनं म्हणाली, "आई वाट बघत असेल."