पाठीवरची गाठ

मित्रांनो, मी एक जुना, वाळलेला भोपळा आहे. हसा, हसून घ्या. परीक्षेत मी मिळालो की तुमची तोंडं कशी उतरतात, ते मला ठाऊक आहे. पण मी पेपरावरचा भोपळा नाही, पाण्यातला आहे. भांडगावच्या शिवारात सावळाराम आबांची विहीर आहे, तिच्याशेजारी मोटारीची खोली आहे, आणि त्या खोलीतल्या खुंटीला मी टांगलेला असतो. माझ्या पोटात थोड्या बिया अजून खुळखुळतात. त्या आवाजात मी दिवसभर पाण्याची स्वप्नं बघतो.

माझा जन्म इथल्याच कुंपणावरचा. आमच्या वेलाला पुष्कळ भावंडं लागली होती, ती सगळी भाजीत गेली. मला मात्र आबांनी कुणाला हात लावू दिला नाही. "ह्यो ऱ्हाऊ द्या. आमच्या रोहिदासला पवायला शिकवायचंय," ते म्हणाले. मग मी वेलावरच जून झालो, उन्हात वाळलो, हलका झालो. आबांनी दोरीची जाळी विणून मला तिच्यात बसवलं.

रोहिदास म्हणजे आबांचा मुलगा, तेव्हा अगदी लहान होता. आबा मला त्याच्या पाठीवर ठेवायचे, दोरीचे वेढे पोटावरून घ्यायचे आणि मागे गाठ मारायचे. गाठ पक्की झाली की पाठीवर एक थाप द्यायचे. त्या थापेसरशी पोरगं पाण्यात! पहिल्यांदा गार पाणी अंगाला लागलं, तेव्हा मी इतका आनंदलो की काय सांगू. खाली हिरवं पाणी, वर गोल आभाळ आणि मध्ये आम्ही दोघं तरंगतोय. मला डोळे नाहीत, तरी ते आभाळ मला अजून दिसतं.

पुढे वस्तीवरची कितीतरी पोरं माझ्या जिवावर पोहायला शिकली. बाया म्हणायच्या, "भोपळा हाय ना पाठीला? मग काय घोर न्हाई." मी जरा फुगलोच होतो. पण मग प्लॅस्टिकचे डबे आले, टायरच्या ट्यूबा आल्या. रोहिदास मोठा झाला, शिक्रापूरकडच्या एका कारखान्यात लागला, आणि मी खुंटीवर गेलो. कोळ्यांनी माझ्यावर घरं केली. वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू?

रोहिदासच्या कारखान्याला गुरुवारी सुट्टी असते. सुट्टीचं कामावर गेलं की डबल पगार मिळतो. तो पूर्वीही असे गुरुवार भरायचा. त्याच पैशांतून या खोलीवर नवे पत्रे पडले, नाहीतर मी मागेच भिजून कुजलो असतो. तेव्हा जादा पैशांना नावं ठेवायला निदान माझी तरी जीभ रेटत नाही.

या उन्हाळ्यात रोहिदासच्या मुलीनं, ऋतिकानं, मला खुंटीवरून काढलं. कानाशी धरून हलवलं आणि खुदकन हसली. "पप्पा, मला कवा शिकवणार?"

"कालव्याला पाणी सुटू दे. विहीर भरली की शिकवतो."

पाणी सुटलं. पाझरानं विहीर वरच्या पायऱ्यांपर्यंत आली. हे पाणी काही आठवडेच टिकतं, मग विहीर तळाला जाते आणि पोहणं थेट पुढच्या वर्षावर जातं. नेमकी तेव्हाच कारखान्यात मोठी ऑर्डर आली. रोहिदास एका गुरुवारी गेला, दुसऱ्या गुरुवारीही गेला. ऋतिका दर गुरुवारी सकाळी मला पायरीवर आणून ठेवायची आणि संध्याकाळी मुकाट्यानं परत टांगायची. तिच्या चालण्यावरूनच मला कळायचं की पप्पा आलेच नाहीत.

तिसऱ्या गुरुवारी दुपारी तिनं मला आपलं आपणच बांधलं. पाठीवर नाही, पोटावर! मित्रांनो, मी पोटाला बांधला गेलो की माणसाला पालथं राहू देत नाही, उलटा करतो, आणि नवखं पोर घाबरून नाकातोंडात पाणी घेतं. ती एकेक पायरी उतरू लागली. पाऊल पाण्यात गेलं. मी ओरडू शकत नव्हतो. पोटातल्या बिया तेवढ्या खुळखुळल्या.

"ऋतिका! हितंच थांब!" वरून आबांचा आवाज आला. गुडघ्यांनी दगा दिल्यापासून आबांना पायऱ्या उतरता येत नाहीत. ते काठावरच मटकन बसले. "आगं, भोपळा पोटाला बांधत्यात व्हय?"

ती रडकुंडीला आली होती. "पाठीमागं हातच पुरत न्हाई, आबा. गाठ कशी मारू?"

आबांनी हात पुढे केला आणि ती वर येईपर्यंत तसाच धरला.

संध्याकाळी रोहिदास आला तो खुशीत. विहिरीच्या कठड्यावर बसून बायकोला, सविताला, म्हणाला, "शिक्रापूरला पवायचा नवा टँक झालाय. निळं पाणी, शिट्टी वाजवणारा सर. आनखी थोडं गुरुवार भरलं की ऋतिकाची फी निघती."

सविता मला हातात घेऊन उभी होती. तिनं दुपारची हकिकत सांगितली. मग म्हणाली, "म्हंजी तुम्हाला शिकवायला येळ न्हाई, कारण तुम्ही कामाव जानार. आन् त्या कामाचं पैसं दुसऱ्याला देनार, त्यानं आपल्या पोरीला शिकवावं म्हनून. बरं, टँकवर तिला नेनार कोन?"

रोहिदास माझ्या जाळीवरची पोरीनं मारलेली वेडीवाकडी गाठ बघत राहिला. "म्या तिच्यासाठीच करत हुतो," तो हळूच म्हणाला.

"पत्र्याला जादा काम केलंस, तवा म्या अडवलं न्हाई," आबा म्हणाले. "पत्रं आपल्याला बनवता येत न्हाईत. पर पवायला तर तुला येतंय ना? पाणी फुडच्या साली बी यील. पोरगी एवढीच ऱ्हाईल व्हय?"

पुढच्या बुधवारी सुपरवायझरचा फोन आला, तेव्हा रोहिदास माझी जाळी नव्या दोरीनं आवळत होता. "न्हाई सायेब, उद्या जमनार न्हाई. हिरीला पाणी हाय तवर गुरुवार घरचा." पलीकडून काहीतरी कडक ऐकू आलं. पुढच्या वेळी जादा कामाला त्याचं नाव घेणार नाहीत म्हणे. रोहिदासचा चेहरा उतरला. पण पुन्हा फोन करून होकार काही त्यानं कळवला नाही.

मग आमचे गुरुवार सुरू झाले. गाठ, थाप, आणि पाण्यात! किती वर्षांनी मी भिजलो! ऋतिका किंचाळायची, खोकायची, बापाच्या गळ्याला मिठी मारायची. एकेका गुरुवारी तो हात जरा लांब ठेवू लागला.

शेवटच्या गुरुवारी पाणी चांगलंच खाली गेलं होतं. रोहिदासनं नेहमीसारखे वेढे घेतले, मागे गाठ मारली, पाठीवर थाप दिली. पण मला त्यानं आधीच जाळीतून काढून पायरीवर ठेवलं होतं. तिच्या पाठीवर नुसती रिकामी जाळी होती. ती हात मारत पार समोर गेली, मोटारीचा पाइप धरला आणि मागे वळली.

"पप्पा! भोपळा तर थितंच हाय!"

"व्हय," तिच्या शेजारून पोहत आलेला बाप म्हणाला.

ती क्षणभर घाबरली, बापाकडे बघितलं आणि पाइप सोडला. माझ्याकडे पोहत आली.

आता मी पुन्हा खुंटीवर आहे. कालवा बंद झालाय, विहिरीत तळाशी थोडं पाणी आहे, आणि माझी झोप मोठी गोड लागते. मित्रांनो, उद्या तुम्हीही कमवायला लागाल. जादा काम मिळालं तर जरूर करा, पत्रे त्यातूनच येतात. फक्त निघण्याआधी एकदा घरात डोकावून बघा. कुणीतरी दोरी घेऊन पाठमोरं उभं असेल, आणि मागची गाठ त्याला आपली आपल्याला मारता येत नसेल.