न जोडलेला डबा

“आत्ता जाऊ नकोस, शेवंती. सप्टेंबरपर्यंत कळ काढ,” मीच म्हणालो.

पंचावन्न सालचा मे महिना. अंधेरीच्या आमच्या चाळीच्या ओट्यावर मी माझा तक्ता पसरून बसलो होतो. रेल्वेच्या कचेरीत मी वेळापत्रकाचा साधा कारकून. पण चाळीत मात्र सगळ्या गाड्या मीच सोडतो असा माझा थाट होता.

तळमजल्यावरच्या शेवंतीचं माहेर गोव्यात, कुडचड्याला. आई दम्यानं अंथरुणाला खिळलेली. पुण्याहून रात्रीची गाडी जायची, पण पहाटे सरहद्दीवर सगळ्यांना सामानासकट खाली उतरवत. आधी आपले जकातवाले, पुढच्या स्टेशनावर पोर्तुगीज शिपाई. मागल्या खेपेला शेवंती तान्ह्या माणिकला घेऊन दोन तास थंडीत उभी राहिली आणि पोर तापानं फणफणली. हे मी तिच्याच तोंडून ऐकून कचेरीत मांडलेल्या माझ्या योजनेत घातलं होतं. सप्टेंबरपासून गाडीला एक झोपायचा डबा, तपासणी जागेवरच, उजाडेपर्यंत कुणाला उठवायचं नाही. साहेबांना तो मजकूर फार आवडला होता. तेवढ्यावर मी हुरळून गेलो.

“मगे गाडीतसून उतरूक लागाचा नाय?” तिनं विचारलं.

“मुळीच नाही. पोरीला कुशीत घे आणि खुशाल झोप.”

“ऱ्हवतंय मगे. आवस खंय पळान जातली?” आई थांबेल या भरवशानं ती हसली. आठवड्याभरात जुन्या लुगड्याच्या दोन उशा शिवून तिनं मला दाखवल्या. एक माणिकची, अगदी वीतभर.

जूनच्या दहा तारखेला फाईल परत आली. ‘जादा डब्याची सोय नाही. विषय दप्तरी दाखल.’

घरी हिला सांगितलं. मृणालिनी तांदूळ निवडत होती. “शेवंतीला सांगितलंत?”

“सांगतो. आधी नवी टिपणी करून पाठवतो. साहेब ऐकतील.”

“अहो, पण जुनी गाडी चालू आहे ना? तिला जाऊ दे की.”

मी टिपणीचा कागद पुढं ओढला. खरं सांगायचं तर मला लाज वाटत होती. चाळीत एवढी फुशारकी मारल्यावर कुठल्या तोंडानं सांगणार? नवी टिपणी लिहिली, तक्ते नव्यानं आखले. शेवंती जिन्यात भेटली की विचारी, “भावजी, डबो जोडलो?” आणि मी म्हणे, “होतंय, होतंय.” जून गेला, जुलै गेला. रोज ती जुनी गाडी जात होती आणि ते माझ्याइतकं कुणालाच पक्कं ठाऊक नव्हतं.

पंधरा ऑगस्टला गोव्यात सत्याग्रहींवर गोळ्या झाडल्या गेल्या. सरहद्द बंद झाली, गाडीही बंद झाली. “तुमी तरी काय करशात?” शेवंतीच माझी समजूत काढू लागली. ते मला शिव्यांपेक्षा जड गेलं.

ऑक्टोबरात तिच्या भावाचं पत्र कुणाकुणाच्या हातून फिरत आलं. तिला वाचता येत नव्हतं. गुणाजी, तिचा नवरा, गिरणीत गेला होता. माणिकला कडेवर घेऊन ती पत्रासकट माझ्याकडेच आली.

मी वाचू लागलो. आई गणपतीआधी गेली. जून-जुलैत रोज सकाळी गाडीची शिटी ऐकली की उठून बसायची, शेवंती आली म्हणायची.

मी पत्र अर्ध्यावरच खाली ठेवलं. मृणालिनी दारात येऊन उभी राहिली होती.

“शेवंती, तो डबा जूनमध्येच नामंजूर झाला होता,” मी म्हणालो. “मी तुला सांगितलं नाही.”

तिनं मान वर करून माझ्याकडे पाहिलं.

“म्हणजे जिची शिटी वाजा, त्या गाडयेन माका जाव्क मिळाला असता?”

“हो.”

तिनं डोळे पुसले नाहीत. माणिकला मांडीवर नीट घेतलं आणि म्हणाली, “पत्र संपूक नाय हां, भावजी. फुडला वाचा.”

मी वाचलं. आईनं नातीसाठी झबलं शिवून ठेवलं आहे. गाडी सुरू झाली की येऊन घेऊन जा.

“कधी सुरू होतली गाडी?” शेवंतीनं विचारलं.

“मला ठाऊक नाही,” मी म्हणालो. त्या साऱ्या वर्षात हे मी तिला पहिल्यांदाच सांगत होतो.